पाच पट्ट्या आणि एक खिळा

आमच्या गास गावातल्या घराचा माळा डुलायला लागला, तेव्हा आम्ही सगळ्यात आधी आईची खाट खाली आणली. खाटेबरोबर आईही आली, पण रागाने. माळ्यावरच्या खिडकीत तिची लाकडी खुर्ची असते. तिथून चर्चकडे जाणारा रस्ता आणि तीन शेजाऱ्यांची मागची दारं दिसतात. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, कोण उशिरा निघालं, कुणाच्या केळीचा घड कुणाच्या स्कूटरवरून गेला, हे सगळं तिला तिथं बसून कळतं. खाली तिच्या खाटेसमोर फ्रिज होता.

"फ्रिज मिस्साला जात नाही," ती म्हणाली. "मी काय बघू?"

माळा म्हणजे आमच्याकडे घराचा वरचा मजला, सगळा लाकडी. खालून आडव्या तुळया, त्यांच्यावर फळ्या. तुळयांची भिंतीत शिरलेली टोकं कुजली होती, म्हणून चालताना होडीत चालल्यासारखं वाटायचं. विरारला राहणारा माझा थोरला भाऊ, दादा, एका ठेकेदाराचं कोटेशन खिशात घालूनच आला.

"माळा उतरवायचा, स्लॅब टाकायचा. तोवर आई माझ्याकडे."

दादाचा फ्लॅट सातव्या मजल्यावर. त्याच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसतात आणि त्यांना पडदे असतात. आईचा चेहरा पाहून मी बोलून गेलो, "स्लॅब नको. मी करतो माळा नीट."

"तू?" दादा हसला. "तू परवा मच्छरदाणीचा खिळा मारताना घड्याळ फोडलंस." ते खरं होतं. "बरं. फेस्तापर्यंत मुदत. फेस्ताच्या दिवशी माळा डुलला किंवा काही भानगड झाली, तर दुसऱ्या दिवशी ठेकेदार हजर."

फेस्त, म्हणजे आमच्या चर्चचा सण, तीन आठवड्यांवर होता. संध्याकाळी मिरवणूक आमच्या घरासमोरून जाते आणि आई खिडकीतून फुलं टाकते. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं एकही वर्ष चुकवलेलं नाही.

मी मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. परदेशात तुळईच्या टोकाला लोखंडी झोळी लावतात. पत्र्याचा इंग्रजी यू, त्यात तुळईचं टोक बसवायचं आणि झोळी भिंतीवरच्या आडव्या दांडीला ठोकायची. मला इतकं पटलं की मी लगेच एक तुळई मोजली आणि वालीवच्या एका वर्कशॉपमधून चौदा झोळ्या वाकवून आणल्या. सगळ्या एका मापाच्या, चकचकीत. घरी येऊन लावायला गेलो, तर चौदापैकी दोन बसल्या.

मग सुतारकाकांना बोलावलं. ते खाडीकडच्या गावातले, बोलतात कमी आणि हसतात मिशीत. त्यांनी झोळ्या पाहिल्या, तुळया पाहिल्या, मग मला पाहिलं.

"भाऊ, तुमच्या आज्यानं हाताने तासलेल्या तुळया आहेत. झाडं काय साच्यातनं काढली होती?"

"मी एक मोजली होती."

"एक पोरगं मोजून सगळ्या वर्गाची चड्डी शिवली तुम्ही."

आईला हे इतकं आवडलं की तिनं त्यांना दुसरा चहा दिला. काकांनी कुजकी टोकं कापली, ज्या झोळ्या सैल होत्या तिथं सागाच्या पाचरी मारल्या, ज्या घट्ट होत्या तिथं तुळई तासली. मी मदत म्हणून काळे स्क्रू पुढे केले. ते त्यांनी बोटांत धरून पाहिले. "हे पडदे लावायला ठेवा. वजन पडलं की मुंडी उडते यांची." झोळीच्या प्रत्येक भोकात जाड खिळा गेलाच पाहिजे, हा त्यांचा नियम. मी म्हटलं, अर्धी भोकं रिकामी ठेवली तर? ते म्हणाले, "अर्धी बटणं लावून मिस्साला जाता?"

राहिल्या फळ्या. माळ्यावर एक बेसिन आहे आणि त्याला टाकीतलं पाणी आणणारा प्लास्टिकचा पाईप पाच तुळयांवरच्या खाचांमधून जातो. वरून फळी ठोकताना खिळा पाईपात जाऊ नये, म्हणून प्रत्येक खाचेवर जाड लोखंडी पट्टी बसवायची. खिळा चुकून तिथं आलाच तर टणकन परत. अशा पाच पट्ट्या काकांनी खिडकीच्या कट्ट्यावर मोजून ठेवल्या.

"उद्या मी दुसऱ्या कामावर. परवा येऊन पट्ट्या आणि फळ्या मारतो. तुम्ही हात लावू नका."

हात लावू नका असं मला सांगितलं, की माझ्या हातांना खाज सुटते. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी हातोडी घेतली. पट्ट्या चारच होत्या. कट्ट्याखाली शोधलं, खिडकीबाहेर डोकावलं, पिशवी उलटी केली. आई त्या कामाच्या दिवसांत चहाच्या निमित्ताने वर यायची आणि चहा निवेपर्यंत खिडकीजवळच्या न काढलेल्या फळ्यांवर आपल्या खुर्चीत बसायची. तेव्हाही बसली होती.

"आई, पट्टी पाहिलीस?"

"मला काय करायची तुझी पट्टी?" ती रस्त्याकडे बघत म्हणाली.

म्हटलं, एका खाचेवर नसली तर काय बिघडतं? मी डोळ्यांनी अंदाज घेईन. चार खाचांवर पट्ट्या ठोकल्या, फळ्या टाकल्या, खिळे मारत गेलो. दोन वेळा टण आवाज आला आणि मला काकांच्या अकलेचं कौतुक वाटलं. पाचव्या खाचेवर आवाज आला नाही. उंदीर बिळात शिरावा तसा खिळा आत गेला.

मी खाली धावलो आणि छताकडे पाहिलं. कोरडं. पाईपात घुसलेला खिळाच भोकाचं बूच झाला होता. खिळा उपटला तर कारंजं, ठेवला तर कोणालाच काही कळणार नाही. मी त्यावर चटई अंथरली. काका आले, त्यांनी दोन तुळयांवर पाय आपटून पाहिलं आणि माझी पाठ थोपटली. पाठीला जरा लाज वाटली, पण मी चटईवरून हललो नाही.

आईची खाट वर गेली. ती खुर्चीत बसली आणि मी फुशारकी मारली, "बघ, पूर्वी खुर्ची किती डुगडुगायची! आता जमीनच सरळ झाली."

"हो बाबा," आई म्हणाली. "तुझेच हात."

फेस्ताच्या दिवशी दुपारी घर पाहुण्यांनी भरलं. जो येईल तो माळा पाहायला वर, आणि वर गेला की उड्या मारून बघणार. तेवढ्या नाचण्यानं खिळा सैल झाला असावा. खाली टेबलाशी फादर जेवत होते. त्यांच्या टकलावर एक थेंब पडला. त्यांनी तो पुसला. दुसरा पडला.

फादर वर पाहत म्हणाले, "आज बाप्तिस्मा कोणाचा आहे?"

सगळे हसले. दादा हसला नाही. त्यानं खिशातून कोटेशन काढलं. "झाली भानगड! उद्या ठेकेदार येणार. आई, बॅग भर."

जेवायला आलेले काका हात न धुताच वर गेले. मागून आम्ही सगळे. चटई गुंडाळली, फळी काढली. उघड्या खाचेत पाईप आणि पाईपात माझा खिळा.

"पाच पट्ट्या मोजून दिल्या होत्या. पाचवी कुठाय?"

"हरवली," मी म्हणालो. आता सगळं कबूल करावं लागलं, बूच, चटई, पाठ थोपटणं, सगळं. दादाच्या बायकोनं तोंडाला पदर लावला.

काकांची नजर फिरत फिरत खिडकीत बसलेल्या आईशी थांबली. "बाय, जरा उठता का?"

"का उठू? मिरवणूक यायचीय."

"दोन तास आहेत अजून."

आई उठली. काकांनी खुर्ची तिरकी केली, मागच्या डाव्या पायाखालून पाचवी पट्टी काढली आणि सगळ्यांना दाखवली. आईनं आमच्या घरच्या बोलीत काहीतरी म्हटलं, ते फादरांसमोर म्हणण्यासारखं नव्हतं. मग म्हणाली, "खुर्ची हलायची. याला दहा वर्षं सांगतेय."

काकांनी टाकीचा कॉक बंद केला आणि मला पाईपाचा जोड आणायला पिटाळलं. दुकानदारानं विचारलं, पाईप कोणाचा फुटला? मी म्हटलं, शेजाऱ्यांचा. परत आलो तेव्हा काका दादाला माळ्याच्या मधोमध उभं करत होते.

"मारा उडी."

दादा वजनदार माणूस. त्यानं उडी मारली. खाली टेबलावरची भांडी वाजली, माळा हलला नाही. "आणखी एक," काका म्हणाले. दादानं आणखी एक मारली. "पानी या भाऊच्या खिळ्यानं आलं. लाकूड काय बोललं तुम्हाला?"

दादानं कोटेशन परत खिशात घातलं. काकांनी जोड बसवला, पट्टी तिच्या जागेवर ठोकली, फळी मारली. हातोडी त्यांनी माझ्या हाती दिली नाही.

लांबून बँड ऐकू आला. आई फुलांची टोपली मांडीवर घेऊन बसली आणि खुर्ची डुगडुगली. ती पुढे झुकली, खुर्ची मागे. तिनं दादाकडे हात केला.

"तो कागद दे."

"कुठला?"

"खिशातला. स्लॅबचा."

दादानं माझ्याकडे पाहिलं, फादरांकडे पाहिलं आणि कागद दिला. आईनं त्याच्या एकावर एक घड्या घातल्या, दाबून दाबून, आणि मला खुणेनं खाली वाकायला सांगितलं. मी तो मागच्या डाव्या पायाखाली सरकवला. एवढं एक काम मला जमलं.

मिरवणूक खिडकीखाली आली. आईनं पहिली ओंजळ टाकली, मग मान बाहेर काढून शेवटच्या रांगेतल्या कुणाला तरी ओरडली, "यंदाही उशीरच ना गं?"

खुर्ची हलली नाही.