अडीच तास कोनं खाल्ले?

आर्णीजवळच्या बंजारा तांड्यात रुपीबाईला फसवणं म्हणजे येरागबाळ्याचं काम नव्हतं. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं, पण आकडे आणि घड्याळ चोख कळायचं. तिच्या आज्यानं बैलांवर मीठ लादून अर्धा मुलूख तुडवलेला. त्यामुळे नागपूर तिच्या लेखी अजून बारा मुक्कामांवरच होतं, मग बस कितीही पळो.

लेक बबिता यवतमाळात नर्सिंग शिकली आणि तिला सिंगापूरच्या दवाखान्यात नोकरी लागली. म्हातारीनं एवढंच विचारलं, "किती लांब?"

मुलगा भारतनं मोबाईल पाहिला. "मुंबईहून एकोणचाळीसशे किलोमीटर. इमानात साडेपाच तास."

रुपीबाईनं तिकिटाचा कागद मागून घेतला. मुंबई सकाळी साडेअकरा, सिंगापूर संध्याकाळी साडेसात. तिनं बोटांवर मोजलं आणि ती भडकली. "हे तं आठ होतात. अडीच तास कोनं खाल्ले? मले येडी समजून राह्यला का?"

भारतनं पुन्हा मोबाईल पुढं केला; त्यात साडेपाचच होते. पोटच्या पोरानं खोटं सांगितलं, हेच तिला झोंबलं. दोन दिवस ती कोणाशी धड बोलली नाही. इकडे बबिताच्या जिवाला घोर. आईनं नाही म्हटलं असतं, तर ती गेलीच नसती.

तिसऱ्या सकाळी बबिता आईजवळ चुलीपाशी येऊन बसली. "याडी, तिथं दिवस आपल्या आधी उगवते. त्यायचं घड्याळ अडीच तास पुढं असते. कागदावर पोचायची येळ तिथली लिवली हाये. भारत खोटं नाही बोलला."

"मंग असं सांगा ना," रुपीबाई नरमली. "आता उलटं मोज. माह्या मयताचा निरोप भेटला, तं ह्या उंबऱ्यात यायले किती?"

तांड्यात मयत दिवस बुडायच्या आत उचलत. म्हातारीला काय विचारायचं होतं, ते बबिताला आत्ता कळलं. तिकीट, विमान, मुंबई, नागपूर, बस. तिनं बोटांवर मोजलं. "दीड दिवस, याडी. कधी दोन." मग म्हणाली, "मी नाही जात."

रुपीबाईनं डोक्यावर पदर घेतला आणि ती तडक तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर गेली. बबिता मागोमाग. धावजी नायक चार माणसांत बसला होता.

"नायक, ऐकून ठेवा. मी मेली तं मले दोन दिस ठेवजा. बर्फ आणा, काही करा. बबिता आल्याबिगर उचलू नोका."

"तांड्याची रीत मोडते, बाई."

"मोडू द्या. रीत बनली तवा पोरी एवढ्या लांब जात नव्हत्या."

धावजीनं बसलेल्या माणसांकडे पाहिलं. मग त्यानं होकाराची मान हलवली. बबिताला रडू आवरेना.

"जाय आता," रुपीबाई लेकीला म्हणाली. "आन निरोप आला तं धावपळ नको करजो. जेवून निघजो. मी कुठं जाऊन राह्यली?"