पाणी वळेपर्यंत

माझी बायको लग्न होऊन राहुरीला आली ती कोकणच्या किनाऱ्यावरून. आमच्या दोघांचे वडील मुंबईच्या गोदीत बरोबर होते, त्यातून ही सोयरीक जुळली. संध्याकाळी ज्वारीच्या रानावर अर्धा चांद दिसला की ती म्हणायची, "आता आमच्याकडे भरती पुरी झाली असेल. पण अर्ध्या चांदाचं पाणी आळशी. मासा काठाला येत नाही."

"इतक्या लांबून दिसतंय व्हय तुला?" मी हसायचो.

तीन वर्षांनी तिला माहेरी नेलं. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटेची नमाज आटोपून सासरे आम्हाला किनाऱ्यावर घेऊन गेले. चांद पश्चिमेला पाण्यावर टेकला होता आणि पाठीमागे उजाडत होतं. समुद्र खूप आत गेला होता. सासऱ्यांचे हात आता थरथरायचे, म्हणून त्यांनी फेकायचं गोल जाळं लेकीच्या खांद्यावर ठेवलं.

"टाक की," मी म्हणालो.

"थांबा, पाणी वळू दे."

किती वेळ उभे होतो कोण जाणे. मग एक लाट आधीच्या लाटेपेक्षा वीतभर पुढे आली आणि माझ्या पावलांखालची वाळू हलकेच सरकली. साडी खोचून ती गुडघाभर फेसात शिरली. तिनं फेकलेलं जाळं हवेत अलगद उमललं. ओढलं तेव्हा आत सात-आठ बोय मासे उसळत होते.

सासरे वाळूत बसले आणि त्यांनी डोळे पुसले. बायको मला हाक मारत होती, "या ना आत, बुडणार नाही!"

मी लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि गेलो.