ढिगारेसाहेबांचा खडा

लग्नाच्या पंगतीत पानात मीठ वाढलं की ढिगारेसाहेब त्यातलं चिमूटभर आधी पुडीत बांधून खिशात टाकायचे. वसई पूर्वेला आमची छोटी प्रयोगशाळा आहे. तिथे खाणींतल्या टाकाऊ मालाच्या ढिगाऱ्यांतून पोती येतात. त्यातला भुगा यंत्रात ठेवून त्यावर अवरक्त प्रकाश सोडायचा. भुग्याने कोणता प्रकाश गिळला त्याची नागमोडी रेषा पडद्यावर उमटते आणि यंत्र ती आपल्या यादीतल्या रेषांशी ताडून खनिजाचं नाव सांगतं. साहेबांचं खरं आडनाव मी विसरलोय. त्यांच्या माघारी सगळे ढिगारेच म्हणत.

अर्नाळ्याच्या मासळीवाल्या मावशीला त्यांनी एकदा ऐकवलं, "मावशी, तुमच्या खाऱ्या मासळीच्या मिठात जिप्सम आहे."

"असूं दे. चार पिढ्या आमी हेच खातो, कोनाचा दगड नाय झाला. घेनार का बोला."

साहेबांनी दोन वाटे घेतले आणि त्यांना नमुना क्रमांकही दिला.

त्यांना ध्यास होता व्हेवेलाइटचा. हे खनिज कोळशाच्या खाणीत क्वचित सापडतं. तीस वर्षं त्यांनी कोळशाच्या प्रत्येक पोत्यात ते शोधलं. निवृत्तीला आठ दिवस उरले तेव्हा रडकुंडीला येऊन म्हणाले, "आता यंत्राला हात लावायला मिळणार नाही रे."

त्याच आठवड्यात त्यांचा मुतखडा पडला. डॉक्टरांकडे जायचं सोडून, खडा औषधाच्या बाटलीत घालून साहेब चंदनसारच्या घरून घामाघूम कामावर आले. मागून वहिनी रिक्षाने. यंत्राच्या यादीत व्हेवेलाइट नव्हतंच, म्हणून आलेली रेषा त्यांनी पुस्तकातल्या रेषेशी जुळवली. तेच होतं, व्हेवेलाइट! माणसाच्या मूत्रपिंडातही ते बनतं.

मग त्यांचा चेहरा पडला. "पण हे धरता येत नाही. खनिज जमिनीतून यावं लागतं, ढिगाऱ्यातून."

वहिनी भडकल्या. "तीस वर्षं त्या पोत्यांची धूळ खाल्लीत. तुम्ही ढिगाऱ्याहून वेगळे कोण?"

शास्त्राला हे मान्य नव्हतं, तरी साहेबांनी ती रेषा यंत्राच्या यादीत घातली. नावाच्या रकान्यात स्वतः लिहिलं, 'ढिगारेसाहेब'. म्हणजे माघारी आम्ही काय म्हणतो ते त्यांना ठाऊक होतं! मी मान वर केली नाही.

गेल्या वर्षी साहेब गेले. मला त्यांची फार आठवण येते.

परवा कोळशाच्या खाणीतून आलेल्या पोत्यात पांढुरका कण दिसला. यंत्रात ठेवला. यंत्राने बराच विचार केला आणि पडद्यावर नाव आलं, ढिगारेसाहेब.

मी वहिनींना फोन लावला. "वहिनी, साहेब पोत्यात सापडले."

त्या म्हणाल्या, "मी तेव्हाच सांगितलं होतं."