दीडशे गाण्यांची सीडी

माझे भावजी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून आणि घरी स्वयंघोषित तज्ज्ञ. संगणक घेतल्यापासून त्यांना एमपीथ्री सीडी बनवायचं वेड लागलं. एका सीडीत दीडशे गाणी कोंबायची, वर मार्करने नंबर टाकायचा आणि कपाटात लावायची. अशा चारशे झाल्या. पाहुणा आला की पाण्याच्या आधी गाण्यांची यादी पुढे. मला त्यांचा राग यायचा आणि तो लपवायची तसदी मी कधी घेतली नाही.

त्यांची बायको म्हणजे माझी ताई. ती लग्नाआधीपासून गायची. मग आजारपणात तिचं स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून ती पाटीवर लिहून बोलते. तिचा आवाज उरला होता तो बत्तीस कॅसेटींत.

"या खोक्यांनी अर्धं कपाट अडवलंय," भावजी म्हणाले. "एका सीडीत बसवतो सगळं."

ताईने लिहिलं, 'कॅसेटी टाकू नका.'

"तुला काय कळतं यातलं?"

महिनाभर ते रोज संध्याकाळी एकेक कॅसेट लावून संगणकात उतरवत बसले. तेवढं श्रेय देतो. मग सीडी बनवली, संगणकातच लावून पाहिली. ताईचा आवाज खणखणीत आला. ती भिंतीला टेकून पहिलं गाणं संपेपर्यंत ऐकत राहिली, पदराने डोळे पुसत. दुसऱ्या दिवशी ती तपासणीला दवाखान्यात गेली, तेव्हा भावजींनी कॅसेटी भंगारवाल्याला देऊन टाकल्या. जागा मोकळी व्हावी म्हणून संगणकातली गाणीही पुसली.

रविवारी आम्ही सगळे ऐकायला जमलो. सीडी प्लेयरमध्ये घातली, ती गरगरली आणि गप्प झाली. संगणकात घातली, तर गाण्यांची नावं ओळीने दिसली, वाजेना एकही. शेवटी माझ्या मुलीने माऊस हातात घेतला.

"काका, यात गाणी नाहीतच. तुम्ही नुसती यादी घातलीत. त्या दिवशी वाजली ती संगणकातली होती."

भावजींचा चेहरा पडला, पण क्षणभरच.

"जाऊ दे. नाहीतरी रेकॉर्डिंग खरखरीतच होतं," ते म्हणाले, आणि कपाटातून चौदा नंबरची सीडी काढून लावली. "ही ऐका. याला म्हणतात गाणं."

ताईने पाटी उचलली, मांडीवर धरली आणि काही न लिहिता खाली ठेवली. मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही, याची लाज अजून वाटते.

चार दिवसांनी दुपारी गेलो. भावजी कचेरीत होते. ताई स्वयंपाकघरात फरशीवर बसून तारेच्या घासणीने एकेका सीडीची चकचकीत बाजू घासत होती. घासून झाली की पुसून कव्हरमध्ये घालायची, नंबरवार रचायची. नव्वदपर्यंत आली होती. भावजींना कळायला कदाचित महिने लागले असते.

तिने वर पाहिलं. भाऊ म्हणून मी तिला थांबवायला हवं होतं.

मी मोरीतली दुसरी घासणी आणली आणि तिच्यासमोर मांडी घातली. "तू पुढे जा," म्हटलं, "मी चारशेपासून उलटा येतो."