वैनीचा पुढाकार

"थांब, पुढाकार घेऊन येते," असं म्हणून आमची शेजारीण घरात शिरली की समोरचा पळायला लागायचा. पुढाकार म्हणजे तिचं मुसळ. भात कांडायचं, खाली लोखंडी कडं बसवलेलं. तिला मी वैनी म्हणायचो.

त्याचं असं झालं. शेणवे गावात बायकांची सभा होती. तालुक्याहून आलेल्या बाई म्हणाल्या, अडचण आली की बायांनी पुढाकार घ्यावा. वैनी मधेच उभी राहिली. "घेते की. पन ठेवलाय कुठं?" बाया हसून लोळल्या. वैनी घरी आली ती रागातच, आन् कोपऱ्यातल्या मुसळाला तेच नाव देऊन टाकलं. तुमी हसाल. पण आमी चार इयत्तांची माणसं, शब्द हातात धरता आला तरच कळतो.

त्या मुसळानं तिनं पिसाळलेलं कुत्रं एका घावात मारलं. बांध कोरणाऱ्या सख्ख्या दिराचा गुडघा फोडला, आन् मग त्यालाच हळदीचा लेप लावायला गेली.

मग माझी पाळी आली. बैल सुटून भाताच्या रोपात शिरला, म्हणून मी बायकोला बैलाच्या दाव्यानं मारत सुटलो. दारू प्यालो नव्हतो, शुद्धीत होतो. ती चिखलात पडली, तोंडातनं रक्त आलं, तरी माझा हात थांबेना. बांधावर चार गडी नुसते बघत उभे. वैनी आली. मुसळ मनगटावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा घाव डोक्यावर यायचा, तर बायकोनंच चिखलातनं उठून मुसळ धरलं.

शहापूरला प्लास्टर घालायलाही वैनीच घेऊन गेली. एसटीत कंडक्टरनं विचारलं, पडले का? "पडतायत कशाला? हे आमचे भावजी. मीच मोडलाय हात. दोन शहापूर द्या."

परत आल्यावर तिनं माझ्यासमोर बायकोला विचारलं, "माहेरी सोडू का गो?"

बायकोनं माझ्या प्लास्टरकडं बघितलं. माझा जीव तिथं टांगलेला.

"यांचा हात जुळू दे. मग बघू."

दीड महिना तिनं मला घास भरवला, फुटल्या ओठानं. हात जुळला, वाकडाच. ती गेली नाय. का, ते मीही कधी विचारलं नाय. पुढं कधी माझा आवाज चढला की भिंतीपलीकडं मुसळ आपटायचं, एकदाच. मी खाली बसायचो.

वैनी मेली तेव्हा गावात गिरणी आली होती. तिच्या सुनेनं मुसळ चुलीत घालायला काढलं. माझ्या बायकोनं ते मागून आणलं, आमच्या दाराआड उभं केलं.

तीन पावसाळ्यांनी बायकोही गेली. अंगणात माणसं जमली. बांबू आणायचे, लाकडं आणायची. अशा वेळी वैनी सगळ्यांना कामाला जुंपायची. आता जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत होता.

"अरे, कुनीतरी पुढाकार घ्या," मागनं कुणी बोललं.

मी घरात गेलो. वाकड्या हातानं मुसळ उचललं आन् अंगणात येऊन उभा राहिलो. पुढं काय करायचं, ते मला ठाऊक नव्हतं.