जास्वंदीखालची रांगोळी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा नाही, वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. माझ्या मोठ्या नणंदेबद्दल, अक्कांबद्दल, लिहायचं आहे. गेल्या महिन्यात त्या पहाटे झोपेतच गेल्या. फार दिवस अंथरुणावर होत्या... त्यांचा निवांत चेहरा बघून रडू येण्याआधी मला हायसं वाटलं.

लग्न होऊन अग्रहारातल्या या घरी आले तेव्हा हुणसूरहून माहेरच्या जास्वंदीची फांदी आणली होती. मी ती भिंतीकडेला लावत होते. "तिथं सावली गं. दासवाळाला ऊन लागतं," असं त्यांच्या कानडी मिसळलेल्या बोलीत म्हणत अक्कांनी अंगणाच्या मधोमध जागा दिली. झाड खांद्याएवढं झालं आणि त्याला कापसासारखी पांढरी कीड, पिठ्या, लागली. कळ्या वाकड्या होऊन गळायच्या. माझ्या भावानं तंबाखूचा काढा फवारायला सांगितला. अक्का म्हणाल्या, "देवाच्या फुलाला तंबाखू? बेडा, नकोच." मी साबणाच्या पाण्यानं पानं धुवायची, कीड पुन्हा यायची. ती शेजारच्या पारिजातकाकडे सरकली तेव्हा अक्कांनी सांगितलं, "दसऱ्यापर्यंत बघू. नाहीतर उपटायचं." माहेरचं तेवढंच माझ्याजवळ होतं.

मुंग्यांच्या तोंडी घास पडावा म्हणून आमची रांगोळी तांदळाच्या पिठाची. एक दाराशी आणि एक, अक्कांच्या हातची, जास्वंदीच्या बुंध्याशी. एका सकाळी त्या पिठाची वाटी घेऊन तिथं नुसत्याच बसून राहिल्या...

"इकडे ये. सुम्मने, नुसती उभी राहू नकोस. या कुठं चालल्यात बघ."

पीठ खाऊन मुंग्या बुंध्यावरून थेट पिठ्याकडे जात होत्या.

"त्याचा गोड चिकटा चाटतात आणि त्यालाच राखतात. मी रोज राखणदारांना जेवू घालतेय."

"मग त्यांचं पीठ बंद करायचं?"

"उपाशी कशाला? फाटकाशी वाढू. जेवायचं तिथं, इथं नाही यायचं."

रांगोळी फाटकाशी गेली. बुंध्याला अक्कांनी जुन्या लुगड्याची पट्टी बांधून एरंडेल चोपडलं. मी पानं धूत राहिले. दसऱ्याच्या सकाळी त्यांनी पहिलं फूल तोडलं, देवाला वाहण्याआधी माझ्यापुढे धरलं. "घे बघून. माहेर शाबूत आहे तुझं."

सुतक फिटल्यावर रांगोळी काढली, फाटकाशीच. मग बुंधा बघितला. तो जाड झालाय, पट्टी रुतत होती. गाठ सोडून सैल बांधली, वरून एरंडेल लावलं. लुगड्याचा हिरवा काठ अजून दिसतो. वर कळ्या आहेत, सगळ्या सरळ.