गोणपाटाखालचे पाय

“पायाकडं काय बघते? भाजीकडं बघ.”

असं म्हणून ती मांडीवरचं गोणपाट आणखी पुढे ओढायची. उन्हाळा असो की थंडी, पायांवर गोणपाट असायचंच. पंचवटीच्या भाजीबाजारात ती सकाळी सातला बसायची. तिचे पाय कोणाला दिसायचे नाहीत, तोंड मात्र सगळ्या बाजाराला ऐकू जायचं. कोणी मेथीची जुडी जास्त उलटीपालटी केली की म्हणायची, “पोरगी बघायला आले का? पसंत असेल तर उचला, नाय तर ठेवा खाली.”

तुमच्याही बाजारात अशी एखादी असेल. तिच्याकडून भाजी घ्यायला आपण थोडे घाबरतो आणि तरी तिच्याकडेच जातो.

मी तिथून जवळच एका दवाखान्यात कामाला आहे. झाडू-फरशी करते, पेशंटचे कागद लावते, डॉक्टर मॅडमना पट्टी कापून देते. एवढंच. पण ती मला शिस्टर म्हणायची, तेही ओरडून. “ओ शिस्टर, आज किती जणांना टोचलं?” लोक वळून बघायचे. मी पावशेर गवार घेऊन खाली मान घालून निघायची. तेवढ्यात ती माझ्या पिशवीत कढीपत्ता कोंबायची. “बोलत नाय ना ही, म्हणून हिला फुकट,” असं शेजारणीला सांगायची.

तिला साखर होती. महिन्यातून एकदा दवाखान्यात यायची, बोट पुढे करायची, गोळ्या घ्यायची. मॅडम म्हणायच्या, “मावशी, पाय दाखवा.” की ही उठलीच. “भाजीवर कोणी नाय मॅडम, गाया खातील.”

गुरुवारी आमच्याकडे साखरेच्या पेशंटचे पाय तपासतात. मॅडम एक बारीक नायलॉनची काडी तळव्याला टेकवून विचारतात, कळतंय का? कितीतरी माणसांना कळत नाही. ती डोळे मिटून बसलेली असतात, काडी टेकलेली असते, आणि ती म्हणतात, “टेकवा ना.” मला ते पहिल्यांदा पाहून भीती वाटली होती. मॅडमनी मला शिकवलं. पाय रोज धुवायचे, पण पाणी कोपराने बघायचं, पायाने नाही. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. चप्पल झटकून घालायची, घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा ठेवून बघायचा. दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं साखरेत नसतं.

मी हे तिला एका दुपारी हळूच सांगितलं आणि एक लहान आरसा नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी बघते तर आरसा डोक्यावरच्या बांबूला टांगलेला. “कुंकू बरोबर बघून लावते आता,” ती म्हणाली. “पायाला कुठं कुंकू लावायचंय?”

एकदा संध्याकाळी चप्पल काढताना तिला आत सोड्याच्या बाटलीचं बूच सापडलं. दातेरी कडा तळव्यात रुतलेल्या. सकाळपासून ती त्याच्यावरच चालत होती. तिने बूच वर धरून सगळ्यांना दाखवलं. “बघा, पाय हाय का लोखंड!” सगळे हसले. मीही हसले. मला त्याचा अर्थ ठाऊक होता आणि तरी हसले.

मग एक दिवस कोथिंबीर घ्यायला वाकले तेव्हा कोथिंबिरीच्या वासाखाली दुसरा वास आला. चिघळलेल्या जखमेचा, आमच्या दवाखान्यात येतो तो. मी तशीच बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा न विचारता हात पुढे केला आणि गोणपाट बाजूला सारलं.

डाव्या पायाचं अंगठ्याजवळचं बोट वांग्यासारखं सुजलं होतं, रंगही तोच. त्यात जोडवं रुतलेलं. चांदी दिसतच नव्हती. दोन्ही बाजूंनी मांस वर आलं होतं आणि मधल्या खाचेतून पाणी येत होतं.

“दुखत नाय गं,” ती म्हणाली. पहिल्यांदाच हळू आवाजात.

“मावशी, हे जोडवं कापावं लागेल.”

“म्हणूनच दाखवत नव्हते.”

तिचा नवरा सात वर्षं खाटेवर होता. अर्धं अंग गेलेलं, बोलणं गेलेलं. सकाळी त्यांना खाऊ घालून ती बाजारात यायची आणि दुपारी पुन्हा धावत जाऊन पुसून यायची, एवढं मला माहीत होतं. पुढचं तिने त्या दिवशी सांगितलं. जोडवी झिजली म्हणून तिने ती सोनाराकडे मोडायला दिली. नवी मिळायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत तिची बोटं मोकळी होती आणि तिसऱ्या दिवशी ते न्हाणीत पडले ते उठलेच नाहीत.

“तवापासून काढली नाय. बोट जाऊ दे गं. बोटं धा हायेत. ते एकच हायेत.” मग माझं मनगट धरून म्हणाली, “मॅडमला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील.”

मी सांगितलं नाही.

मी काय केलं ते लिहिते. दवाखान्यातून औषध आणि पट्टी आणायची, दुपारी तिच्या टोपल्यांच्या मागे बसायची आणि जखम धुऊन जोडव्याच्या भोवतीने पट्टी बांधायची. ती वर गिऱ्हाइकाशी भांडत असायची, मी खाली तिचा पाय मांडीवर घेऊन. रोज वाटायचं, उद्या ती ऐकेल. आत जोडवं तसंच ठेवून वरून पट्टी बांधण्यात काही अर्थ नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही. अकरा दिवस मी तसं केलं. मधला गुरुवारही गेला. मॅडम माझ्या शेजारी बसून दुसऱ्यांचे पाय बघत होत्या, आणि मी त्यांना कापूस देत होते.

बाराव्या दिवशी तिला थंडी वाजत होती आणि पोटरीपर्यंत लाल रेघ चढली होती. तेव्हा मी धावत जाऊन मॅडमना आणलं. मॅडमनी पट्टी बघितली. गाठ माझी होती, त्यांनीच शिकवलेली. त्या मला काही बोलल्या नाहीत. अजून बोललेल्या नाहीत.

जोडवं तिथेच कापलं. मॅडमनी कात्रीसारखं हत्यार लावलं, मी पाय धरला. ती ओरडली, पण दुखलं म्हणून नाही. “शिस्टर, यांना काय झालं तर तुझ्या माथी!” चांदीचं ते कडं माझ्या तळहातावर पडलं. मी ते रुमालात बांधलं.

मोठ्या दवाखान्यात आधी बोट काढलं, मग अर्धं पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय.

ती घरी आली तेव्हा मी भेटायला गेले. एका खाटेवर ते, एका खाटेवर ती. शेजारीण त्यांना वरणभात भरवत होती आणि ते नीट जेवत होते. ती बराच वेळ तिकडे बघत राहिली.

“जोडवं कापून दोन महिने झाले ना गं?”

“हो.”

“यांना काय झालं नाय बघ.” ती हसली, बाजारात हसायची तसं. मग हसणं थांबलं. “चांगले जेवतात. मग मी काय केलं हे?”

तिने उजवा पाय पांघरुणाबाहेर काढून माझ्यापुढे केला. “बघ. कसा हाय सांग. आता लपवत नाय.” मी आरसा धरून तळवा दाखवला. बेचक्या पुसल्या. त्या बोटातलं जोडवं सैल होतं, फिरत होतं. त्यानंतर रोज कामावरून सुटले की जायची. तो पाय शेवटपर्यंत चांगला राहिला.

पण कापलेली जागा पुन्हा चिघळली, ताप चढला आणि ती गेली. दिवाळी नुकतीच झाली होती.

नवरा असताना गेली म्हणून बायकांनी तिला हिरवी साडी नेसवली, बांगड्या भरल्या, मळवट भरला. खाटेवरून ते बघत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात वर होत नव्हता. शेजारणीने त्यांच्या तोंडावरून पदर फिरवला. एका म्हातारीने तिच्या उजव्या पायाला हळद लावली, जोडवं सारखं केलं आणि सवयीने डाव्या बाजूला हात नेला. तिथे साडी सपाट होती. म्हातारीचा हात तसाच थांबला.

“दुसरं जोडवं कुठंय हिचं?” तिने विचारलं.

ते माझ्या कमरेला रुमालात होतं. द्यायचं म्हणूनच नेलं होतं. पण एवढ्या बायकांत माझा हात उठला नाही, आणि तिला उचललं.

आता ते माझ्या डब्यात आहे. एका जागी कापलेलं, टोकं वाकलेली. घासून पाहिलं, पण आतल्या बाजूचा काळा डाग जात नाही.